डाव्या सीटवरचा वास

नवा हीटर कोर आणला त्याच दिवशी बसवता आला असता. मी बसवला नाही. खोक्यासकट कपाटावर ठेवला आणि पावसाळा सरत आला तरी तिथंच राहू दिला. विसरलो नव्हतो. मला ती गाडी अजून काही दिवस गळकीच हवी होती, कारण काही माणसांना तिच्यात बसवायचं होतं.

हीटर कोर म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागतं. डॅशबोर्डच्या आत, डावीकडे बसणाऱ्याच्या पायांच्या वर, जाडशा पुस्तकाएवढा एक लहान रेडिएटर असतो. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं, मागून पंखा हवा सोडतो आणि गाडीच्या आत ऊब येते. बोईसरमध्ये गाडीत ऊब कुणाला हवी असणार. त्यामुळे असा काही भाग गाडीत आहे हेच माणूस विसरतो. पण गरम पाणी त्यातून फिरतच असतं, आणि गाडी जुनी झाली की तो कधीतरी आतून कुजतो आणि पाझरायला लागतो. ते पाणी, म्हणजे हिरवं कूलंट, थेंबाथेंबानं डाव्या बाजूच्या गालिच्यात उतरतं. त्याची वाफ पंख्याच्या हवेबरोबर तिथं बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते. त्या वाफेला गोड वास असतो.

हे मला ठाऊक असायला हवं होतं. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी मेंटेनन्सचा फोरमन होतो. मोठाल्या हीट एक्स्चेंजरमधली गळती शोधण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हीटर कोर म्हणजे त्याच यंत्राचं पिल्लू.

माझ्या बायकोला तो वास येत होता. ती जायच्या आधीची दोन-तीन वर्षं तरी येत होता.

"अहो, गाडीत काकवी उकळल्यासारखा वास येतो," ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्ही पालघरहून परतत होतो. मी म्हटलं, काही नाही, शेजारच्या ट्रकचा असेल. पुढच्या वेळी ट्रक नव्हता. मग मी म्हटलं, बोईसर आलं, आता वास यायचेच. आमच्या गावात वासाची तक्रार करणाऱ्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. एमआयडीसीच्या बाजूचा वारा सुटला की अख्खं बोईसर नाकाला रुमाल लावतं आणि अर्ध्या तासात विसरतं. किनाऱ्याकडे गेलं तर वलांडीवर, बांबूंच्या मांडणीवर, बोंबील सुकत असतात. वास म्हणजे हवामान, त्याबद्दल बोलायचं काय, अशी इथली रीत. तिचं डोकं दुखायचं, डोळे चुरचुरायचे, ती भर पावसात काच खाली करायची आणि खांदा भिजवून घ्यायची. मला राग यायचा तो सीट भिजते म्हणून.

आता दुसरी गोष्ट, जी मी तिलाही कधी सांगितली नाही. माझं नाक केव्हाच गेलं होतं. कारखान्यातच गेलं, निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी. रॉकेल आणि गुलाबपाणी मला सारखंच. गळती शोधणाऱ्या फोरमनचं नाक गेलं, हे कुणाला सांगणार. मी साबणाचा फेस लावून आणि गेजवर डोळा ठेवून काम निभावून नेलं, आणि नाव मात्र नाकाचं राहिलं. साहेब लोक नव्या पोरांना सांगायचे, यांचं नाक बघा. त्या नाकाच्या जोरावर मी घरी सांगायचो, वास-बिस काही नाही, तुला भास होतो.

माझ्या धाकट्या बहिणीला मी बाय म्हणतो. ती उमरोळीला दिली आहे. तिच्या मुलीच्या हळदीला जे झालं ते इथं नीट लिहितो, कारण ते सांगताना प्रत्येकजण आपला वाटा गाळतो.

आमच्या घरात भाचीला पहिली हळद मामीच्या हातची लागते. त्या दिवशी मला फुलं घेऊन लवकर पोचायचं होतं. बायको म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी येते मागून." ती का म्हणाली ते मला कळलं होतं. तरी मी गाडी काढली. ती शेअरच्या टमटमनं निघाली. टमटम भरल्याशिवाय हलत नाही. ती मांडवात पोचली तेव्हा पहिली हळद दुसऱ्याच कुणीतरी लावली होती.

बाय मांडवाच्या तोंडाशीच उभी होती. सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "दारात गाडी हाय आणि ही टमटमनं येते. माज्या भावाला हिणवायला. लोकांनी म्हणायचा, नवरा गाडीत घेत नाय."

"त्या गाडीत मला बसवत नाही हो," बायको म्हणाली. "वास येतो."

"ऐका. आमच्या दादाची गाडी वहिनीला वास मारते."

बायका हसल्या. मी फुलांची रिकामी टोपली घेऊन मागंच उभा होतो. बायको टमटमनं आली ही माझीच शोभा होत होती, आणि ती हसण्यावारी न्यायची होती. म्हणून मी म्हटलं, "अगं, तिला आमच्या गाडीत गुऱ्हाळ चालू असलेलं दिसतं."

मांडव हसून लोळला. माझे दाजी, म्हणजे बायचे यजमान, सगळ्यात जास्त हसले. त्या संध्याकाळपासून माझ्या बायकोचं नाव गुऱ्हाळवाली पडलं. बायनं ते चालवलं, पण घडवलं मी.

त्यानंतर ती उमरोळीला कधी गेली नाही. वासाबद्दलही पुन्हा बोलली नाही. नाइलाजानं गाडीत बसलीच तर पदर नाकाला आणि तोंड खिडकीकडे. नात्यात बोललं गेलं की ती मानी आहे, नवऱ्याच्या माणसांत मिसळत नाही. मी कधी खोडून काढलं नाही.

ती हृदयविकारानं गेली. मी नंतर डॉक्टरांना आडून विचारलं. त्यांनी सांगितलं की वासाचा आणि त्याचा काही संबंध नाही. ते मी मानतो. गाडीनं तिचा जीव घेतला असं मी म्हणत नाही. तिच्या तोंडचं खरं आम्ही खोटं पाडलं, एवढंच म्हणतो. आणि तेराव्याला आलेल्या बायका जाता जाता दारातच बोलत होत्या, "बिचारी. पण स्वभावानं जरा नखरेल." तेव्हा मी आत चपला लावत होतो. तिथं माझ्या डोक्यात पहिली ठिणगी पडली.

गळती सापडली ती त्यानंतरच्या पावसाळ्यात. समोरच्या काचेवर आतून धुरकट थर धरायला लागला. फडकं मारलं की पुसला जाण्याऐवजी तेलासारखा पसरायचा. काचेवर पाण्याची वाफ धरली तर ती अशी पसरत नाही. मग मी डाव्या बाजूचा रबरी मॅट उचलला आणि खालच्या गालिच्यात बोटं दाबली. बोटांना हिरवट, बुळबुळीत ओल लागली. एसीचं पाणी असतं तर बोटं नुसती ओली झाली असती.

मी तिथंच दारात बसून राहिलो. बॉनेटखालच्या बाटलीत मी किती वेळा कूलंट ओतलं होतं. गाडी जुनी आहे, पिते, असं म्हणून ओतत होतो. गाडीखाली एक थेंब नाही आणि बाटलीतली पातळी उतरते, म्हणजे गळती आत आहे. हे मी कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवायचो. गाडीत मी नेहमी उजवीकडे बसलो, आणि हवेचं तोंड डावीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी नवा कोर मागवला. तो आला तोवर माझं ठरलं होतं. ज्यांनी ज्यांनी तिला खोटं पाडलं, त्यांना तिच्या सीटवर बसवायचं. काचा बंद, हीटर पूर्ण गरम. सांगायचं काही नाही. त्यांच्या तोंडून आपणहून निघालं पाहिजे की गोड वास येतो. ते निघाल्याशिवाय गाडी थांबवायची नाही. मला स्वतःला काहीच कळणार नव्हतं, म्हणून मी रस्ता आणि त्यांची तोंडं बघणार होतो. डाव्या दाराचं काच खाली करायचं हँडल मी पान्यानं काढलं आणि स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं.

पहिला मान माझ्या मित्राचा. त्याचं बोईसरला गॅरेज आहे, माणूस मूळचा किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. बायकोनं त्याला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "वहिनी, एसीचा पाणी हाय. सगळ्या गाड्या गळतात," आणि मागून मला डोळा घातला होता.

मी त्याला म्हटलं, चल, तुझ्या गावाला जाऊन सुकं घेऊन येऊ. तो खूश झाला. परतताना सुक्या मासळीचा वास सगळं झाकून टाकणार, म्हणून काम जातानाच उरकायचं होतं. पाऊस बारीक पडत होता. गाव मागं पडलं तसं तो नाक वर करून हुंगायला लागला.

"काय रं, गाडीत काय सांडला काय?"

"का?"

"गोड गोड येते काय तरी."

"एसीचं पाणी असेल."

"एसी कुठं चालू हाय? तू हीटर लावलास. पावसात हीटर लावते काय कोण?"

"काचेवर वाफ धरते."

 तो दार चाचपायला लागला. "हँडल कुठंय?"

"काढलंय."

"काढलंय म्हंजे?"

"म्हणजे काढून ठेवलंय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, मग कपाळ धरलं. मी ऐंशी पार केलेल्या माणसासारखी गाडी हळू चालवत होतो. शेवटी तो म्हणाला, "थांबव बाबा. मला मळमळते."

मी थांबवली. तो उतरून रस्त्याच्या कडेला वाकून उभा राहिला. डोक्यावर पाऊस पडत होता, त्याचं त्याला भान नव्हतं. मी माझ्या बाजूची काच खाली करून सांगितलं, "हीटर कोर. दोन-तीन वर्षांपासून. ती बसायची तिथं."

त्याला सगळं एका क्षणात कळलं. गाड्यांचा माणूस. तो सरळ झाला, तोंड पुसलं. मला वाटलं आता हा मान खाली घालेल. तो उलट चिडला.

"मंग तवा तू काय करत होतास? तू फोरमन. तू म्हणालास वास नाय, म्हणून मी म्हटला नाय. तुज्या नाकावर माजा भरोसा. नाय तर मी मॅट उचलून बगितला नसता?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी तेव्हा दिलं नाही. तो परत गाडीत बसला, मागच्या सीटवर. म्हणाला, "उद्या आण गाडी. दोन्ही पायपा एकमेकीला जोडून टाकतो. कोर बाजूला. हितं हीटर कोणाला लागते, सगळे तेच करतात."

"नको. नवा आणलाय. तोच बसवायचा."

"मंग नवा बसवतो. उद्या आण."

"उद्या नाही. अजून दोघं बसायची आहेत."

दांडी आली. उतरताना तो म्हणाला, "तू बरा हायस ना?"

मी बरा होतो. खरं तर कितीतरी महिन्यांत एवढा बरा नव्हतो. त्या दिवशी सुके बोंबील घातलेलं कालवण मी चवीनं खाल्लं, तोंडाला जेवढी चव कळते तेवढी.

दुसरे दाजी. त्यांना पालघरला कचेरीत काम होतं. मी उमरोळीला जाऊन म्हटलं, चला, सोडतो. दाजींना मान द्यावा लागतो, त्यामुळे त्यांच्याशी हिशेब जास्त गोड लागणार होता. मी हीटर पूर्ण फिरवला, पंखा वाढवला. दाजी ऐसपैस टेकून बसले.

बराच रस्ता गेला. मी तिरक्या नजरेनं बघत होतो. कपाळाला आठी नाही, डोळ्याला पाणी नाही. उलट ते पाय लांब करून पंख्याखाली सरकवत होते.

"वास छान हाय," दाजी म्हणाले.

"कसला?"

"गोड. नवीन सेंट लावलास काय गाडीत?"

मी गिअर बदलला.

"आमच्या पोरानं लावलाय तो डोक्यात जाते. हा बरा हाय. मिठाईच्या दुकानात बसल्यागत वाटते." मग गुडघे चोळत म्हणाले, "आणि ही उबारी. वा. डॉक्टर सांगतो शेक घ्या, शेक घ्या, पण घरी कोण देते शेक. तुमच्या बायला सांगून बग."

पालघरला कचेरीसमोर उतरताना त्यांनी पुढच्या आठवड्याचं काम सांगितलं आणि मला किती वाजता येणार ते विचारलं. त्यानंतर दोनदा मला त्यांना न्यावं लागलं. दोन्ही वेळा माझंच डोकं दुखलं. ज्या माणसानं माझ्या बायकोवर सगळ्यात मोठ्यानं हसून घेतलं, त्याच्या गुडघ्यांना तिच्या सीटवर आराम पडत होता, आणि मी त्याला तो फुकट पोचवत होतो. तिसऱ्या वेळी मी सांगितलं की क्लच गेलाय.

राहिली बाय. तिचा दिवस मी मुद्दाम राखून ठेवला होता. बायकोचं वर्षश्राद्ध होतं, घरी सगळं नातं जमणार होतं. त्याच सकाळी तिला आणायला जायचं, त्या सीटवर बसवून आणायचं, आणि घरी पोचल्यावर सगळ्यांसमोर तिनं बोलायचं की वहिनी खरं सांगत होती. मला तेवढंच हवं होतं. हळदीच्या मांडवात जितकी माणसं होती त्यातली बहुतेक त्या दिवशी माझ्या घरात असणार होती.

दाजी आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे आले होते. बाय फुलांचा पुडा आणि डबा घेऊन तयार होती. बसली. मी गाडी काढली.

उमरोळीचं स्टेशन मागं पडलं. बायनं डबा मांडीवर घट्ट धरला.

"दादा, काच उघड."

"पाऊस आत येतो."

"पाऊस कुठं हाय?"

"येईल."

तिनं दाराकडे बघितलं. "हँडल कुठं गेलं?"

"घरी आहे."

"घरी कशाला?"

मी पंखा वाढवला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर नाकाला लावला. त्या क्षणी मला समाधान वाटलं, हे लिहून ठेवतो. पदर तसाच होता, हाताची घडी तशीच होती, तोंड तसंच खिडकीकडे वळलं होतं. मी वाट बघत होतो.

"काकवीचा वास हाय हा," बाय पदरातून म्हणाली.

"कसला?"

"काकवीचा. गोड." आणि मग, बऱ्याच वेळानं, "हा तो वास."

"कुठला?"

"वहिनीचा."

मी म्हटलं, "आता हेच घरी सगळ्यांसमोर सांगायचं. एवढंच."

"गाडी थांबव."

"घरी थांबवतो."

"दादा, थांबव, नाय तर मी दार उघडीन."

ती उघडेल हे मला माहीत होतं. लहानपणी ती विहिरीच्या काठावर बसून घरच्यांना असंच वाकवायची. मी थांबवली. ती उतरली, दार हातात धरून उभी राहिली. डोळे लाल झाले होते, वासानं की कशानं ते मला सांगता येणार नाही.

"मला आणून बसवलंस," ती म्हणाली. "मला. मी नणंद होती तिची. नणंदेनं बोलायचा असते, ती बोलली. तू तिचा नवरा होतास. तुज्या बाजूला बसायची ती. तिला काच उघडता येत होती, तर तू सीट भिजते म्हणून बोलायचास. मला सगळा सांगितला हाय तिनं."

"कधी?"

"हळदीच्या राती. मांडव रिकामा झाल्यावर. मला वाटला, नवऱ्याच्या चुगल्या करते."

तिनं डबा परत सीटवर ठेवला, फुलं ठेवली, दार लावलं आणि उमरोळीच्या दिशेनं चालायला लागली. मी आरशात बघत राहिलो. परत वळून तिला घ्यावं असं मला वाटलं नाही. रागच होता. माझ्या हातात येता येता ती सुटून गेली होती.

घरी पोचलो तर सगळे विचारायला लागले, बाय कुठं. मी म्हटलं, आली नाही. दाजींनी फोन लावला, तिनं उचलला नाही. मग सुरू झालं. भाऊ स्वतः गाडी घेऊन गेला, तरी येत नाय म्हणजे काय. एवढा कसला मान. आपल्याच भावाच्या घरी, आणि आजच्या दिवशी. मी पानावर बसलो होतो. मी ऐकत होतो आणि जेवत होतो. वडे मी दोनदा मागून घेतले. माझ्या बायकोबद्दल जे बोललं जायचं, तेच, त्याच शब्दांत, आता बायबद्दल बोललं जात होतं, आणि मला ते गोड लागत होतं. मी गप्प राहिलो, जसा आधीही राहिलो होतो.

तेवढ्यात समोरच्या पंगतीतून चिंचणीच्या काकू म्हणाल्या, "बायला गुऱ्हाळवालीचाच गुण लागला, दुसरा काय."

हे त्या माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला, माझ्या घरात, तिच्या फोटोसमोर बसून म्हणाल्या. काहीजण हसले. काकूंना वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. त्यांना ते नावच माहीत होतं.

मी उष्ट्या हातानं उठलो. म्हटलं, "तिला वास येत होता. गाडीत गळती होती. तिचं खरं होतं. दोन-तीन वर्षं ती खरं सांगत होती, आणि मी ते तपासलं नाही. बायला आज तोच वास आला म्हणून ती उतरली. गुऱ्हाळ हा शब्द माझा आहे. पुन्हा कुणी तो तिच्यासाठी वापरायचा नाही."

हँडलचं सांगितलं नाही.

 कुणीतरी आपल्या पानाकडे बघत होतं, कुणी भिंतीकडे. मला वाटत होतं एकजण तरी म्हणेल, अरेरे, आम्ही तिला काय काय बोललो. काकूंनी पाणी प्यायलं आणि म्हणाल्या, "उभ्यानं काय बोलतोस. बस. कोणी तरी खीर वाढा याला."

त्याच आठवड्यात मी गाडी गॅरेजला नेली. आता तिच्यात बसवायला कुणी उरलं नव्हतं. मित्र कामगारांकडे न देता स्वतः कामाला लागला. एक उत्तरेकडचा मेकॅनिक बाजूनं म्हणाला, "चाचा, इधर हीटर का क्या काम, बायपास मार दो." मित्रानं त्याला हातानंच गप्प केलं.

कूलंट काढलं, बॉनेटखालून आत जाणाऱ्या दोन्ही नळ्या सोडवल्या. मग डॅशबोर्ड. जुन्या गाडीचा डॅशबोर्ड एकदा उघडला की आपलं घर उपसून अंगणात मांडल्यासारखं वाटतं. वायरींना चिकटपट्टीच्या खुणा बांधल्या, स्टिअरिंग खाली सोडलं, आणि अख्खा डॅशबोर्ड दोघांनी धरून मागच्या सीटवर आडवा ठेवला. आत काळी पेटी होती. मित्रानं तिचे स्क्रू काढले आणि कोर ओढून बाहेर काढला. एका कोपऱ्यात हिरवी-पांढरी बुरशी धरल्यासारखा थर होता, आणि त्याखाली सुई जाईल एवढंही भोक दिसत नव्हतं. नुसती ओल. भोवतीचा फोम हाताला लागताच चिखलासारखा तुटला.

नवा कोर बसवला, फोमच्या नव्या पट्ट्या लावल्या, सगळं परत जोडलं. कूलंट भरून इंजिन चालू ठेवलं आणि आतली हवा निघून बुडबुडे थांबेपर्यंत झाकण उघडंच ठेवलं. मग मित्र डाव्या सीटवर बसला. मी हीटर पूर्ण फिरवला आणि काचा लावल्या. हँडल मी घरून आणून आधीच बसवलं होतं.

"बघ," मी म्हटलं.

तो श्वास घेत बसला. "नाय. तू बग ना. तुजा नाक."

"मला वास येत नाही."

"मला पण नाय येत. गेला."

"तसं नाही. मला कसलाच वास येत नाही. कारखान्यात असल्यापासून."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला. असा हसला की बाहेरचे दोघं काचेतून डोकावले. मग एकदम थांबला.

"म्हंजे वहिनीच्या नाकाला खोटा पाडला ते बिननाकाच्या माणसानं," तो म्हणाला. "आणि मी त्याच्या नाकावर भरोसा ठेवला. आणि तू मला दांडीच्या रस्त्यावर ओकायला लावलास."

"तू ओकला नाहीस."

"घरी जाऊन ओकलो."

ते मला माहीत नव्हतं. ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं मी लपवलं नाही.

बाय माझ्याशी बोलत नाही. पण उमरोळीत आणि पालघरला ती सगळ्यांशी बोलते. दादानं वहिनीला कितीतरी वर्षं विषारी वाफेत बसवलं, वहिनी बिचारी खरं सांगत होती, दादाला स्वतःला नाकच नाय, आणि सख्ख्या बहिणीला सुद्धा काच उघडायचं हँडल लपवून त्यातच बसवलं, असं ती सांगते. नाकाचं तिला मित्रानं सांगितलं असणार. ती चांगलं सांगते. ज्या बायका मांडवात हसल्या होत्या, त्या आता माझ्या बायकोचं नाव काढून हळहळतात. मला जे त्या वर्षश्राद्धाला जमलं नाही, ते बायनं माझ्यावरच्या रागानं दोन महिन्यांत करून दाखवलं. बायकोचं नाव धुऊन निघालं. ते माझ्या तोंडाला काळं फासून निघालं, यात मला काही वावगं वाटत नाही. त्यातला शब्दन्शब्द खरा आहे, म्हणून मी कुठंही खोडत नाही.

फक्त त्यात एक जागा रिकामी आहे, आणि ती भरायला म्हणून मी हे लिहिलं.

मागच्या महिन्यात पालघरला एका हॉलमध्ये नात्यातला साखरपुडा होता. चिंचणीच्या काकू माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. जरा निरखून म्हणाल्या, "बायकोला वासात बसवला तो तूच काय रे?"

"हो, मीच."

"आणि बायला पण?"

"बायला पण. हँडल काढून."

काकूंना एवढ्या सरळ उत्तराची अपेक्षा नव्हती. त्या पदर सावरत म्हणाल्या, "असा कोण करते काय."

"केलं," मी म्हटलं. "पण काकू, हळदीच्या दिवशी मांडवात बाय तिला काय म्हणाली, ते सांगितलं का तिनं तुम्हाला?"

"नाय. काय म्हणाली?"

बाय आमच्या पुढच्या रांगेत बसली होती, भाचीच्या शेजारी. तिनं मागं बघितलं नाही. पण भाचीशी चाललेलं तिचं बोलणं थांबलं, आणि तिचा हात मांडीवरच्या पर्सवर तसाच राहिला.

मग मी काकूंना सांगितलं. दारात गाडी असून टमटमनं इथपासून पुढचं सगळं, आणि त्यावर मी काय म्हटलं तेही. काकूंना कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्यानं.